घाट उतरून कोकणात राहायला येताय, तर आधी घ्यायला शिका

2010 च्या जूनमध्ये करूळचा घाट उतरून मी देवगड तालुक्यात आले, तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, तीन वर्षांची लेक आणि वीस किलो ज्वारी होती. माहेर आणि सासर दोन्ही लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. गळ्यात तुळशीची माळ, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. नेमणूक मिळाली ती खाडीकाठच्या एका वाडीवर, जिथं निम्म्या घरांच्या दारात जाळी वाळत घातलेली असतात.

दर वर्षी माझ्यासारखे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेतली मुलं-मुली घाटावरून इकडं येतात. त्यातल्या कितीतरी जणांची पेटी अर्धीच उघडलेली मी पाहिली आहे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज टाकायचा, यादीकडं डोळे लावायचे, आणि तोवर जेमतेम दिवस ढकलायचे. यात पाच-सहा वर्षं सहज निघून जातात, आणि तेवढ्या वर्षांत शेजारच्या घरातला चहासुद्धा पोटात गेलेला नसतो. मला हे फार वाईट वाटतं. म्हणून इतक्या वर्षांत जे शिकले ते लिहून ठेवते. बदलीचा अर्ज खुशाल टाका. पेटी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण उघडा.

फणस परत पाठवू नका

माझी पहिली चूक आठव्या दिवशी झाली. मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहत होते त्या काकी डोक्यावर फणस घेऊन पायऱ्या चढून आल्या. "बाईनू, हो फणस ठेवा. कापो आसा." मी म्हटलं, "नको काकी, आम्हा मायलेकींना एवढा कशाला?" आमच्याकडं हे चांगल्या वळणाचं बोलणं. वडील सांगायचे, कुणाचं मिंधं राहू नये. काकी काही बोलल्या नाहीत. फणस पुन्हा डोक्यावर घेतला आणि उतरून गेल्या. पुढचे आठ दिवस त्या माझ्या दाराकडं फिरकल्या नाहीत. शेवटी पलीकडच्या घरातल्या वहिनींनी हळूच सांगितलं, "काकीक वायट वाटला."

असं का झालं, याचा उलगडा मला बऱ्याच दिवसांनी झाला. आमच्याकडं जे पिकतं ते टिकतं. ज्वारी, तूर, हरभरा पोत्यात भरला की वर्षभर पुरतो, त्यामुळं कुणाला पायलीभर दिली तर आपल्यातून तेवढी कमी होते. इथं पिकतं ते दोन दिवसांत नासतं. फणस, आंबा, अंबाडे, शहाळी, मासळी, सगळं एकदम येतं आणि एका घराला संपत नाही. ते वाटलं तरच कामी येतं. काकींच्या डोक्यावरचा फणस म्हणजे मला दिलेली मदत नव्हतीच, मला वाटेकऱ्यांत धरलं होतं. रापणीची जाळी किनाऱ्यावर ओढायला जो दोरीला हात लावतो, त्याला मासळीचा वाटा मिळतो, हे तुम्हाला पुढं दिसेलच. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही.

तेव्हा इथं आल्यावर पहिली सवय लावून घ्या ती घेण्याची. दारात आलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्या. फणस कापायचा असेल तर हाताला आणि कोयत्याला आधी खोबरेल चोळा, नाहीतर त्याचा चीक दोन दिवस निघत नाही. काप्याचे गरे हातानं सुटे होतात. बरका असेल तर तो रसाळ असतो, मोठं पातेलं लागतं. आठळ्या टाकू नका, त्या राखेत घोळवून ठेवल्या की पावसाळ्यात आमटीत चालतात. आणि ताट लगेच भरून परत पाठवायची घाई करू नका. आमच्याकडं उसनं फेडल्यासारखं दुसऱ्याच दिवशी देऊन मोकळं होतात, तसं इथं केलं तर त्याचा अर्थ तुम्ही हिशेब मिटवला असा होतो. महिन्यानं, दीड महिन्यानं, तुमच्याकडं काही खास झालं की द्या.

मी काय दिलं ते सांगते. इथली कुळथाची पिठी खाल्ली आणि पहिल्या घासाला घर आठवलं, कारण कुळीथ म्हणजे आमचे हुलगे. मग मी काकींकडूनच कुळथाचं पीठ मागून घेतलं, लसूण-तिखट घालून शेंगोळी वळली आणि पातेलं खाली नेलं. त्याच पिठाचं असंही होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर फणसाचा विषय निघाला नाही.

घराघरात स्वतः जा

आमच्या गावात घराला घर लागून असतं. दारात बसलं की निम्मं गाव समोरून जातं. कोकणातलं गाव वाड्यांनी पसरलेलं, आणि वाडीतलं प्रत्येक घर आपापल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत, माडा-पोफळीच्या आड. कुणी तुम्हाला बघायला येणार नाही. येत नाहीत म्हणून नाराज होऊ नका, इथं आपणच जायचं असतं. पहिल्या पंधरा दिवसांत वाडीतल्या प्रत्येक घरी एकदा जाऊन या. गडग्याच्या बेळ्यापाशी, म्हणजे आत शिरायच्या वाटेपाशी, थांबून हाक मारा. पावसाळा संपल्यावर अंगणात खळं केलेलं असतं, ठोकून, शेणानं सारवून; त्यावर चपला घालून जाऊ नका. "येवा, बसा" म्हटल्यावरच पायरी चढा. एखाद्या घरात फक्त म्हातारी आजी असेल, मुलगा-सून मुंबईला. त्या घरी जास्त वेळ बसा.

वाटेत जो भेटेल तो विचारेल, "खंय चललात?" पहिले काही महिने मला याचा राग यायचा. मी कुठं जाते याची चौकशी यांना कशाला? ती चौकशी नसते. आमच्याकडं "रामराम" म्हणतात तसं ते आहे. "हय जरा बाजारात" एवढं उत्तर पुरतं. त्यावर थांबून उलट विचारलंत, "तुमी खंय?" तर आणखी बरं.

तुम्हाला पाठीमागं "घाटावरची बाई" किंवा नुसतं "घाटी" म्हणतील. कधी ते साधं वर्णन असतं, कधी त्यात हेटाळणी असते, हे मी नाकारत नाही. पण आपल्याकडंही कोकणातल्या माणसाबद्दल काय काय बोलतात ते आपण लहानपणापासून ऐकलंच आहे. दोन्हीकडची ही बोलणी एकमेकांच्या घरी न गेलेल्या माणसांची आहेत.

बोलीचं: आधी कान, मग तोंड

हा भाग मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यात जास्त कळकळीनं.

पहिल्या वर्षी पहिलीतली एक मुलगी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, माजी पेन्सिल गावणा नाय." मी तिला दुरुस्त केलं. "सापडत नाही, असं म्हण." तिनं मान हलवली, जाग्यावर जाऊन बसली आणि जवळजवळ पंधरवडा वर्गात बोललीच नाही. चुकून बोलेल म्हणून तिनं बोलणंच बंद केलं. आणि विशेष म्हणजे आमच्याकडंही वस्तू "घावत" नाही असंच म्हणतात! माझ्याच आजीचा शब्द त्या लेकराच्या तोंडून आला होता आणि मी तो खोडला. त्या गोष्टीची चुटपुट मला आजही आहे.

मग मी फळ्याच्या एका कोपऱ्यात दोन रकाने केले. एकीकडं त्यांचे शब्द, एकीकडं माझे. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, व्हाळ म्हणजे ओढा. गंमत आली ती सारखे दिसणाऱ्या शब्दांची. मी म्हणाले, "माझे बाबा रानात काम करतात," तर मुलं घाबरून बघायला लागली. आमचं रान म्हणजे शेत, त्यांचं रान म्हणजे जंगल. एकदा एकानं खिशातून काढून माझ्या टेबलावर "बोंड" ठेवलं. मी कापसाचं बोंड समजले, आणि पुढ्यात पिवळंधमक, रसानं थबथबलेलं काजूचं बोंड! मुलांना कापसाचं बोंड कसं असतं ते माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गावाकडून फुटलेली चार बोंडं आणली आणि प्रत्येकानं त्यातला कापूस ओढून पाहिला. ती पंधरवडाभर गप्प राहिलेली मुलगी त्यातल्या सरक्या मोजत बसली होती.

तुम्ही शिक्षक नसाल तरी एवढं लक्षात ठेवा. मालवणी म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. दक्षिणेकडं मालवणी, वर रत्नागिरीकडं संगमेश्वरी बोली, मोहल्ल्यांमधली कोकणी मुसलमानांची बोली, सगळ्यांची आपापली चाल आहे. सगळ्यालाच मालवणी म्हणू नका. आणि आल्या आल्या नाटकातल्यासारखं मालवणी बोलायला जाऊ नका, ते नक्कल केल्यासारखं लागतं. लोक तुमच्याशी पुस्तकी मराठीत बोलतील. ते बोलता बोलता आपल्या बोलीत घसरले की समजा, तुमच्यापुढं अवघडलेपण गेलं. माझ्या बाबतीत त्याला सव्वा वर्ष लागलं.

ताटातलं

मी माळकरी, आणि वाडी मासळीवर जगणारी. हे कसं निभलं, असं मला माहेरी आजही विचारतात. उपाय साधा आहे, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. जेवायला बसल्यावर ताट सरकवायचं नाही, नाकाला पदर लावायचा नाही, "वास येतो" हा शब्द तर कधीच काढायचा नाही. तो वास त्या घराच्या कमाईचा आहे. मी काकींना माळ दाखवून म्हटलं, मला चालत नाही. त्या एवढंच म्हणाल्या की मग भांडी वेगळी ठेवते. इथंही माळकरी आहेत, पंढरीला जाणारे आहेत, त्यामुळं माळेचा मान सगळ्यांना ठाऊक असतो.

शिवाय खाणारी घरंही सोमवारी, एकादशीला, श्रावणात बहुतेक खात नाहीत, तेव्हा बिनमासळीचं रांधण्यात या बायका फार तयार असतात. वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं, कोवळ्या फणसाची भाजी, अळू, आंबोळी, सोलकढी. कुठल्याही लग्नात माझं पोट भरतं. फक्त भाकरी म्हटलं की ती तांदळाची असणार हे मनाशी धरून चला. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेला सुरुवातीला नाही म्हणू नका, आठ दिवसांत सवय होते, आणि इथल्या दमट उकाड्यात तिच्यासारखं दुसरं काही नाही.

पावसाची तयारी

आमच्या लातूरकडं वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथं साधारण तीन हजारांच्या आसपास, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणून मे महिन्यात अगोट भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ही गोष्ट मी पहिल्या वर्षी हसण्यावारी नेली आणि जुलैत चुलीला कोरडं लाकूड नव्हतं. भरून ठेवा: लाकडं, शेणी, मीठ, कांदे, कडधान्यं, मिरच्या, आमसुलं. शेजारी सुकी मासळी भरतील, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत सुका बांगडा भाजला की वास वाडीभर फिरतो. तेव्हा खिडकी लावून घ्या, पण दार उघडं ठेवा.

ज्वारी आणत असाल तर पीठ आणू नका. पीठ पंधरा दिवसांत कुबट होतं. धान्य आणा, कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवा आणि लागेल तसं थोडं थोडं दळा. तरी जुलैत किडे होतातच. अंदाजानं कमी आणा. चामड्याच्या चपला, पट्टे, पाकिटं माळ्यावर ठेवलीत तर बुरशी धरते. कपडे चुलीच्या वर काठी टांगून वाळवायचे. धुराचा वास येतो, त्याला इलाज नाही. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. फुरसं हा विषारी साप एवढासाच असतो, जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जातो आणि माणूस जवळ आला तरी सहसा हलत नाही. चावला तर थेट दवाखाना, दुसरं काही नाही. भाताच्या चिखलात उतरायचं तर पायाला जखम नाही ना ते बघा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप त्यातून येतो.

लावणीला मात्र उतरा. एक रविवार पुरे. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी कशा बांधतात, मागं मागं सरकत रोप कसं खोवतात ते काकींनी मला दाखवलं. माझी ओळ वाकडी झाली होती, ती त्यांनी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना बाया हाका मारून कंबर दुखते का विचारत होत्या.

एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात बावीचा, म्हणजे विहिरीचा, तळ दिसतो, कारण जांभा पाणी धरत नाही, सगळं समुद्राला जातं. हे लोकांना बाहेरून कळत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला लागले तेव्हा टीव्हीवर बघून काकी मला म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी रेल्वेन येता? मगे माणसा न्हातत कशी?" मी सांगत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. त्या उन्हाळ्यात काकींची बाव तळाला गेली होती. कपडे धुतलेलं पाणी मी माडाच्या बुंध्याला घालायचे ते त्या आधी नुसतं बघायच्या, तेव्हापासून स्वतःही घालू लागल्या.

देवाच्या बाबतीत विचारल्याशिवाय काही करू नका

देवराईतली वाळकी काडीसुद्धा उचलू नका. फोटो काढायचा तर आधी गावकऱ्यांना विचारा. पालखीला खांदा कुणी द्यायचा, नारळ आधी कुणाचा, याचे मान ठरलेले असतात, उत्साहानं मध्ये घुसू नका. वाडीची वर्गणी वेळेवर द्या, कमी असली तरी चालेल. गणपतीला घरोघर आरतीला जा. मूर्तीच्या वर माटवीला, म्हणजे टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडाळं, कांगल्या, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे रानातून कोण कुठून आणतं ते मुलांना विचारा, ती तासभर सांगतील. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, तिथला दशावतार रात्रभर चालतो. पहाटेपर्यंत बसा, अंगावर चादर न्या.

माझ्यासाठी पहिल्या वर्षी काकींनी ग्रामदैवतापुढं गाऱ्हाणं घालायला लावलं. मी विठ्ठलाची, मला हे नवं होतं. गावकर नारळ हातात धरून म्हणाले, "बा देवा महाराजा, ही लेक घाट उतरून तुज्या गावात पोरांका शिकवूक इली आसा, तिचो सांभाळ कर रे महाराजा," आणि मागची सगळी माणसं एका सुरात, "व्हय महाराजा!" महिनाभरात मला "लेक" म्हणणारं ते पहिलं माणूस होतं. माझे डोळे भरून आले.

पण सगळंच मान्य करायचं असं नाही. मानाच्या उतरंडीत काही वाड्यांना शेवटी बोलावतात किंवा बोलावतच नाहीत. तिथं मी माझ्या हातात आहे तेवढं केलं. शाळेत सगळ्या वाड्यांची मुलं एकाच पंगतीत जेवतात, पाणी एकाच पिंपातलं पितात, आणि मी प्रत्येक वाडीत जाऊन चहा पिते. सुरुवातीला दोघा-तिघांच्या कपाळावर आठ्या आल्या. कुणाशी वाद घातला नाही, पण जाणंही थांबवलं नाही.

जागा घ्यायचा विचार असेल तर एकच सांगते, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामायिक नावं असू शकतात आणि निम्मी मुंबईत असतात. सगळ्यांच्या सह्यांशिवाय पैसे देऊ नका.

आपलं एक तरी इथं करा

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोप, करायची, पाच पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे न्यायचे आणि येईल त्याला जेवू घालायचं. तीन वर्षं त्या दिवशी मी इथं रडले. चौथ्या वर्षी ठरवलं, करायचं.

कडबा कुठून आणणार? काकींनी माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, दिल्या, मुलांनी त्या विणून झापं केली आणि शाळेमागच्या कातळावर कोप उभी राहिली. पांडवांना खाडीकाठचे पाच गुळगुळीत दगड. भज्जीला आमच्याकडच्या सगळ्या शेंगा मिळाल्या नाहीत. चवळी, वाल आणि ओला वाटाणा घालून केली, बेसन नेहमीचंच. आंबिलीला ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, दुसऱ्या दिवशी शिजवून गार करायचं आणि लसूण-कोथिंबीर घालून पातळ करायचं. इथल्या हवेत ती लवकर आंबते, तेव्हा संध्याकाळी भिजवू नका, रात्री उशिरा भिजवा. आणि अंदाजाच्या दुप्पट करा. माझी सकाळी अकरालाच संपली, काकी रिकाम्या मडक्यात डोकावून म्हणाल्या, "पुढच्या खेपेक जास्त करा." आता कार्तिक सरत आला की त्या चुडतं बाजूला काढून ठेवतात आणि मला विचारतात, जोंधळे गावाकडून आले काय.